पगारातून कापलेली हमी

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत मात्र 300. हे जादा शंभर कुठून आले? संविधानाच्या कलम 276 नुसार हा कर वर्षाला 2,500 रुपयांच्या वर घेता येत नाही; अकरा महिन्यांचे 2,200 वजा केले की 300 उरतात. हिशेब एवढाच. पण 1975 साली हा कर बसला कशासाठी, हे पगारपत्रक सांगत नाही. तो बसला रोजगार हमीसाठी.

योजनेला ज्यांचे नाव चिकटले ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात कामाच्या हमीचा पहिला प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला. मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, दुपारी सुकडी खायची. एवढ्या मजुरांचे मस्टर ठेवणे आणि आठवड्याला पगारवाटप करणे जमू शकते, हे महसूल खात्याला त्या वर्षी कळले. माझ्या मते पुढे आलेल्या हमी कायद्याची खरी तालीम तिथे झाली, सभागृहात नव्हे.

कायदा होईपर्यंत योजना चालत होती ती शासन निर्णयावर, म्हणजे जी.आर.वर. जी.आर. मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयातूनच रद्द होतो. त्यावर हक्क सांगायचा म्हटले तर पाय रोवायला जागा नसते. संविधानातही कामाचा हक्क आहे, पण कलम 41 मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत; त्याच्या जोरावर कोर्टाकडून काम मागता येत नाही.

राज्याने आधी पैशाची तजवीज केली आणि हमीला कायद्याचे रूप नंतर दिले. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. कर बसवणारे विधेयक विधानसभेतच मांडावे लागते आणि परिषदेला ते 14 दिवसांपलीकडे अडवता येत नाही. म्हणजे ज्या सभागृहाच्या आसनावर पागे बसत, त्याचा तिजोरीवरचा अधिकार जवळजवळ नाममात्र. शिवाय सभापतीला मत मिळते तेही समसमान मते पडली तरच. तरीही ‘पागे योजना’ हे नाव राहिले.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 चा. तो मंजूर झाला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना आणि अमलात आला 26 जानेवारी 1979 ला, शरद पवारांच्या कारकिर्दीत. या कायद्याने स्वतंत्र निधी उभा केला: ठरलेल्या करांतून जेवढे येईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबई-पुण्याचा पगारदार पैसे देणार आणि त्यातून बांधबंदिस्ती होणार बीड-सोलापूरच्या शिवारात. शहरांनी हे फारशी कुरकुर न करता स्वीकारले. गाव सोडून येणारे लोंढे थांबतील, हा स्वार्थही त्यात होताच.

कायद्याचा दात मात्र बारीक. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर बेकारी भत्ता रोज किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पदच, पण तिच्यामुळे काम न देणे ही सरकारची कसूर ठरली. मागणीची तारीख म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची. नमुना 4 भरून दिला आणि त्याची पोच हातात आली, तरच पंधरा दिवस मोजता येतात. ‘फॉर्म संपलेत’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘काम निघाल्यावर या’, ही उत्तरे कुठल्याही कलमात नाहीत. मजूर संघटनांची निम्मी ताकद गेली ती या पोचेसाठी.

2005 मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा भत्ता वाढला: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. त्यात एक मेख होती. अकुशल कामाची मजुरी केंद्राने द्यायची आणि बेकारी भत्ता राज्याने. काम दिले तर राज्याला जवळजवळ फुकट, नाही दिले तर खिशाला चाट, म्हणजे राज्ये आपोआप कामे काढतील, असा तो हिशेब होता. भत्ता वाचवण्याची दुसरी वाट त्याहून सोपी निघाली. मागणीच नोंदवायची नाही. मग पंधरा दिवस सुरूच होत नाहीत आणि भत्त्याचा रकाना कोराच राहतो.