शंभर दाण्यांची परीक्षा

मे महिना सरत आला की सोनपेठ तालुक्यात घरच्या सोयाबीनची परीक्षा घ्यायची वेळ होते. कृषी खात्याने सांगितलेली रीत सोपी आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर नेहमीचे बियाणे पुरते. कमी उगवले, तर एकरी प्रमाण वाढवायचे. फारच कमी असतील, तर ते बियाणे पेरायचेच नाही. दाणा टपोरा आहे, गेल्या साली चांगला उगवला होता, या गोष्टींना इथे किंमत नाही.

फलप्रामाण्यवादी माणूस विचारांनाही असाच गोणपाटावर मांडतो. अमेरिकेत चार्ल्स पर्स यांनी १८७८ मध्ये हे सूत्र मांडले: एखादी कल्पना खरी मानल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो, त्यातच तिचा अर्थ शोधा. विल्यम जेम्स यांनी ते लोकांपर्यंत नेले, जॉन ड्युई यांनी शाळेत आणि लोकशाहीत उतरवले.

ड्युईंच्या वर्गात कोलंबिया विद्यापीठात बसलेला एक विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर.

असे परिणाम पाहणाऱ्याला व्यवहारी म्हणतात, पण संधी पाहून तत्त्व सोडणाऱ्यालाही आपल्याकडे व्यवहारीच म्हणतात. बाबासाहेबांचा मार्ग याच्या नेमका उलटा. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्युईंचे ऋण मान्य केले आणि नियम व तत्त्व यांतला फरक सांगितला. नियम ठरलेली कृती करायला लावतो; तत्त्व माणसाला विचार करायला आणि आपल्या कृतीची जबाबदारी घ्यायला लावते.

महाडला हे दिसले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर सगळे झाले होते. तळ्यावर मात्र काहीच बदलले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि ठरावाची उगवण सगळ्यांसमोर तपासली गेली. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ उजाडले.

परिणाम पाहायचा तो कोणाच्या वाट्याला आलेला, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडला नाही. जुनी वहिवाट वरच्यांच्या सोयीचीच होती. म्हणूनच निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद म्हणून ओळखले गेले. शिकण्याचा हक्क राज्यघटनेत लिहून भागत नाही, त्यासाठी जवळ वर्ग लागतात, वसतिगृह लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.