घाणेरीचे कुंपण

कुंपण फुकट मिळावे, पाण्यावाचून वाढावे आणि गुरांनी त्यास तोंड लावू नये, या तिन्ही अपेक्षा घाणेरी पुरविते. म्हणूनच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड-खुलताबादकडील डोंगरउतारांवर तिला बांधावर अभय मिळते. हे अभय आता काढून घ्यावे, असे आमचे मत आहे.

घाणेरी ऊर्फ टणटणी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. तिचे पिवळे-तांबडे गुच्छ मनोहर आहेत खरे. परंतु पिकलेली काळी फळे बुलबुल व साळुंक्या खातात आणि बी दूरवर टाकतात. मग चराऊ रानात जाळी माजते व तिच्याखाली गवत उगवेनासे होते.

दुष्काळात संकट अधिक. चारा असता गुरे तिच्या वासानेच दूर राहतात. उपाशी जनावर, विशेषतः परमुलखातून नवे आणलेले, तिचा पाला खाते. पाल्यातील विषाने यकृत बिघडते, पित्त तुंबते, डोळे पिवळे पडतात. हिरव्या चाऱ्यापासून पोटात होणारे एक द्रव्य एरवी पित्तावाटे बाहेर जाते. ते आता रक्तात साचते, आणि उन्हात फिक्या वर्णाची कातडी भाजल्याप्रमाणे सोलते. संकरित गाईंच्या पांढऱ्या डागांवर हे स्पष्ट दिसते. पुष्कळ लोक यास त्वचारोग समजून मलमे लावीत बसतात! इकडे रवंथ थांबल्यामुळे पाला कोठ्यात पडून राहतो व विष भिनतच असते. जनावर तत्काळ अंधाऱ्या गोठ्यात बांधावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे.

घाणेरी नुसती छाटल्यास अथवा जाळल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटते. तिचे बी नासविणारी माशी १९२१ साली हवाई बेटांतून हिंदुस्थानात आणली गेली. तिनेही घाणेरी हटली नाही. खात्रीचा मार्ग कुदळीचा. फळे धरण्यापूर्वी, बुंध्याच्या गाठीखाली जमिनीत दोन इंच खोल मुख्य मूळ तोडावे, आणि झुडूप मुळे वर करून वाळत ठेवावे. पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपे हातानेच उपटावीत. कुंपणास सागरगोटा लावावा. उपटलेली झुडपे मात्र गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. वाळला पालाही विषारीच असतो.