पुण्यानुमोदनानंतरचे दिवस

जलदान विधी, पुण्यानुमोदन होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मग पाहुणे आपापल्या गावी जातात आणि मागे राहिलेल्याला घर खायला उठते. साखऱ्यासारख्या गावात, आपल्या वस्त्यांत, आम्ही हेच पाहत आलो आहोत.

रडू येणे, झोप न लागणे, घास न उतरणे हे सुरुवातीचे काही आठवडे होतेच. तो वेडेपणा नव्हे. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबही पार खचले होते. पण महिने उलटूनही माणूस सावरत नसेल, दारू वाढली असेल, ‘मी तरी कशाला जगू’ असे बोलत असेल, तर वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध आधी दुसरीकडे हलवा.

१४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. साधा मोबाइलही चालतो. समोर बसून बोलायचे असेल तर आशाताईंना विचारा, किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जा. समुपदेशन म्हणजे गोळ्या नव्हेत. तिथे आपले बोलणे नीट ऐकून घेतात.

लेकरांना ‘बाबा परगावी गेले’ असे सांगू नका. ती दारात वाट पाहत बसतात. खरे काय ते साध्या शब्दांत सांगा.

आणि रविवारी विहारात जाताना त्या घराला एक हाक मारा. ती बाई पहिल्यांदा नाही म्हणेल. पुढच्या रविवारी पुन्हा मारा.