अंतरपाट दूर होण्यापूर्वी : लग्नाच्या छायाचित्रणाची कला

लग्नाचे छायाचित्रण बहुधा धंद्याच्या खात्यात टाकले जाते आणि कलेच्या चर्चेत त्याला क्वचितच जागा मिळते. परंतु मनाजोगते होईपर्यंत पुन्हा करून पाहण्याची जी मुभा चित्रकाराला किंवा चित्रपट-दिग्दर्शकाला असते ती या छायाचित्रकाराला नसते, आणि त्याच्या कामाची सारी घडण या एका अडचणीतून झालेली आहे. विधींचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असला तरी त्यातील प्रत्येक कृती एकदाच घडते, म्हणून पुढच्या क्षणी कोण कोठे वळणार, कोणाचा हात पुढे येणार आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार याची अटकळ आधी बांधावी लागते. वधूचा भाऊ वराचा कान पिळतो ती कानपिळी काही सेकंदांतच उरकते. तो विधी केव्हा येतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती कितीही महागडा कॅमेरा असला तरी त्याला नंतरचे हसू तेवढे मिळते.

छायाचित्रणाचे तंत्र १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाले, पण त्या काळच्या काचा आणि धातूचे पत्रे प्रकाशाला इतके मंद होते की माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी, जानेवारी १८५८ मध्ये, काढलेल्या चित्रात खुद्द राणी हलल्यामुळे अस्पष्ट उमटली आहे. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रणाची संस्था निघाली होती, तरी आपल्याकडे पुढे दीर्घकाळ लग्नाचा फोटो म्हणजे लग्न उरकल्यावर जोडप्याने स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे काढवून घेतलेला फोटो, ज्यात नवरा खुर्चीत बसलेला आणि बायको शेजारी उभी असे. पुढे रोल आले आणि कॅमेरा मांडवात शिरला. मात्र चौकोनी चित्र देणाऱ्या मोठ्या रोलवर बारा आणि ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस चित्रे निघत असल्याने, आणि रोल धुऊन येईपर्यंत काय उमटले ते कळत नसल्याने, बटण दाबण्याआधी विचार करण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगवळणी पडली. आज एका लग्नात हजारो चित्रे सहज निघतात. ही विपुलता वरदान आहे हे खरे, पण तिने वाट पाहण्याची सवय बरीच मोडली आहे.

मराठी लग्नातील छायाचित्रकाराची खरी कसोटी अंतरपाटापाशी लागते. वधूवर समोरासमोर उभे, मध्ये स्वस्तिक काढलेले वस्त्र, दोहोंच्या पाठीशी मामा आणि करवल्या, आणि शेवटचे मंगलाष्टक संपताच अंतरपाट बाजूला, वाजंत्रीचा कल्लोळ आणि चहूकडून अक्षता, असे सारे एका श्वासात घडते. छायाचित्रकार समोरच्या बाजूला मध्यावर उभा असेल तर त्याला दोन्ही चेहरे बाजूने दिसतात आणि मधली दरी मिटताना टिपता येते. परंतु नेमक्या त्या वेळी हौशी पाहुणे मोबाइल उंचावून पुढे सरसावतात, म्हणून अनुभवी माणूस आपली जागा मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वीच धरतो आणि एका सहकाऱ्याला उंचावर ठेवतो. दुसरी अडचण अक्षतांची आहे. कॅमेऱ्यातील स्वयंचलित केंद्रीकरण, म्हणजे कोणत्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसावी हे यंत्राने आपोआप ठरवण्याची सोय, भिंगाजवळून उडणाऱ्या तांदळालाच विषय समजून बसते आणि चेहरे धूसर होतात; ते टाळण्यासाठी वधूच्या डोळ्यांवर अंतर आधीच जुळवून यंत्राचा तो अधिकार काढून घ्यावा लागतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला तर आणखी एक घोटाळा होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, या नियमानुसार जवळचे दाणे पांढरेफटक आणि मागची माणसे काळवंडलेली दिसतात. म्हणून जाणकार फ्लॅश छताकडे वळवतो किंवा दिवा एका बाजूला उभा करतो. शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा उघडमिट करणारा पडदा, मांडवातल्या उजेडात सेकंदाच्या साठाव्या भागापुरता उघडला तर अक्षतांच्या रेघा उमटतात आणि पाचशेव्या भागापुरता उघडला तर त्या हवेत थबकल्यासारख्या दिसतात. यांपैकी काय हवे हा प्रश्न तंत्राचा नसून दृष्टीचा आहे, आणि त्याचे उत्तर अंतरपाट हलण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

सुनमुख पाहण्याच्या वेळी याहून शांत, पण तितकीच फसवी गोष्ट घडते. अनेक घरांत सासू सुनेचे मुख आरशात पाहते, आणि एकाच चौकटीत दोन्ही चेहरे यावेत असा छायाचित्रकाराचा प्रयत्न असतो. मात्र प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावर नसते, कॅमेऱ्यापासून आरशापर्यंतचे आणि आरशापासून चेहऱ्यापर्यंतचे अंतर मिळवून जेवढे होईल तेवढ्या दूर ते असते. हे न जाणणाऱ्याच्या चित्रात आरशाची नक्षीदार कड लख्ख येते आणि चेहरे पुसट राहतात.

प्रकाशाचा रंग हे स्वतंत्र दुखणे आहे. दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्विन या मापाचा मानतात आणि ज्योतीचा १९०० च्या आसपास, म्हणजे पुष्कळ तांबूस. होमाजवळ बसलेल्या जोडप्याच्या एका गालावर ज्वाळेचा आणि दुसऱ्यावर मंचावरच्या जांभळ्या दिव्याचा उजेड पडला की त्वचेचा खरा रंग कोणता हे सांगणे अवघड होते. शिवाय स्वस्त एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतात आणि वेगवान शटरने टिपलेल्या चित्रावर काळपट पट्टे उमटतात. सजावटकाराशी आदल्या दिवशी झालेले दोन शब्दांचे बोलणे अशा वेळी नव्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडते.

गेल्या काही दशकांत ‘कँडिड’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. कॅमेऱ्याकडे न पाहणाऱ्या, आपल्या नादात असलेल्या माणसाचे चित्र, असा त्याचा अर्थ. वृत्तपत्री छायाचित्रणाची ही रीत लग्नात रुजवणाऱ्यांत अमेरिकेतील डेनिस रेगी यांचे नाव अग्रभागी आहे. १९९६ मध्ये धाकट्या जॉन केनेडींच्या लग्नात, वधूच्या हाताचे चुंबन घेणाऱ्या वराचे त्यांनी टिपलेले चित्र जगभर छापले गेले. आपल्याकडे आता एकाच मांडवात ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘कँडिड’ असे दोन छायाचित्रकार वेगळ्या दराने काम करतात आणि पहिल्याला काहीसे कमी लेखले जाते, जे सर्वस्वी अन्यायाचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास मांडला आहे. तेथील ग्राहक आपण आहोत त्याहून चांगले दिसावे या अपेक्षेने कॅमेऱ्यापुढे येत असत. ही अपेक्षा गावंढळ ठरवण्याचे कारण नाही. आत्याबाई पदर सावरून, चष्मा काढून, सरळ बघत उभ्या राहतात तेव्हा आपले कोणते रूप मागे राहावे हे त्या स्वतः ठरवत असतात, आणि वीस वर्षांनी अल्बममध्ये नातेवाईक शोधतात ते बहुधा असेच समूहचित्र. शिवाय कँडिड म्हणवणारी कितीतरी चित्रे ‘जरा हसत त्यांच्याकडे बघा’ असे सांगूनच काढलेली असतात. खेदाची बाब याच्याही पुढची आहे : कॅमेऱ्यासाठी मंगळसूत्र दोनदा घालायला लावणे आणि गुरुजींना मंत्र थांबवायला सांगणे हे आता नित्याचे झाले आहे.

या व्यवसायाचे वर्ष पंचांगाने बांधलेले आहे. चातुर्मासात मुहूर्त जवळपास थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते आणि मग एकाच तारखेसाठी चार घरांचे फोन येतात. मधल्या महिन्यांत शाळांचे गटफोटो, बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांवर स्टुडिओचे भाडे निघते. लग्नाचा दिवस संपल्यावर काम संपत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी साठवलेली चित्रे त्याच रात्री आणखी दोन ठिकाणी उतरवावी लागतात, कारण हरवलेला विधी पुन्हा करता येत नाही. नंतर हजारोंतून काही शेकडा निवडणे, रंग सुधारणे आणि अल्बमची पाने मांडणे यांत आठवडे जातात. ही निवडच बहुधा सर्वांत नाजूक असते, कारण वधूला जे चित्र आवडते त्यात विहीणबाईंचे डोळे मिटलेले असतात.

कायद्याचा एक मुद्दा तर व्यावसायिकांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याकडे जाते. म्हणजे आपली उत्तम चित्रे पुढच्या ग्राहकांना दाखवायची असतील तर छायाचित्रकाराने त्याची तरतूद बुकिंगच्या वेळीच लेखी करून घेतली पाहिजे, आणि आपले लग्न कोणाच्या जाहिरातीत झळकू नये असे वाटणाऱ्या कुटुंबाने सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचला पाहिजे.