कोरडा पाय

माझ्या मामाचं गाव निपाणीजवळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत निपाणीच्या स्टँडवर उतरलं की वखारींकडून येणारा तंबाखूचा वास आधी भेटायचा, माणसं नंतर. मामा तंबाखू पिकवायचा आणि विडी ओढायचा. त्या काळी विडी न ओढणारा बाप्या गावात शोधावा लागे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या उजव्या पायाचा अंगठा निळा पडला. मामाची चाळिशीही उलटली नव्हती. शेतातून घरापर्यंतच्या वाटेत तो तीनदा थांबायचा, कारण तळवा आणि पोटरी आवळून यायची. रात्री आडवं होता येत नसे. खाटेवरून पाय खाली सोडून तो उजाडेपर्यंत बसलेला असायचा. "पाय गार पडलाय रं, बर्फागत," एवढंच म्हणायचा. अंगठ्याच्या टोकाला जखम झाली आणि घरात पहिल्यांदा 'गँगरीन' हा शब्द आला.

त्याला मिरजेला नेलं. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं मिशनचा दवाखाना उभारला, तेव्हापासून सीमाभागातल्या माणसानं मोठ्या दुखण्याला मिरज गाठायची रीतच पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बर्जर. उपाय सांगितला तो घरात कुणाच्या पचनी पडेना. दुखतोय अंगठा, आणि नस कापायची कमरेतली! आजी रडली. तिला वाटलं, पोराचा पाय कायमचा लुळा करणार.

ती नस पाय हलवणारी नव्हतीच. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून छातीतून कमरेच्याही खालपर्यंत, बारीक गाठी ओवलेली एक साखळी उतरते. तिला अनुकंपी चेतातंतूंची साखळी म्हणतात. दवाखान्यात सरळ 'सिंपथेटिक' म्हणतात. ती रक्तवाहिन्या आवळते आणि घाम आणते. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५०च्या सुमारास सशाच्या मानेतली ही नस कापली, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. पुढच्या सगळ्या शस्त्रक्रियांचं बीज त्या सशाच्या कानात आहे. साखळी तोडली की वाहिन्या सैलावतात आणि कातडीत रक्त जास्त उतरतं. पायासाठी ती कमरेत तोडायची, हातासाठी छातीत.

बर्जरच्या रोगात मधल्या आणि बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होतात. ऑस्ट्रियाच्या विनिवार्टर यांनी १८७९ साली त्याची नोंद केली होती. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८मध्ये कापून टाकलेले अकरा अवयव तपासून त्याचं वर्णन केलं आणि रोगाला त्यांचं नाव चिकटलं. रोगी बहुतेक तरुण पुरुष, आणि जवळपास सगळे तंबाखू ओढणारे. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या रोग्यांत बर्जरचं प्रमाण पश्चिम युरोपात फार तर पाच-सहा टक्के, तर भारतात ४५ ते ६३ टक्के, असे आकडे वैद्यकीय लेखनात दिले जातात. हे वाचलं तेव्हा मला निपाणीच्या स्टँडवरचा तो वास आठवला.

अर्जेंटिनाच्या हुलिओ दिएस यांनी १९२०च्या दशकात अशा पायांसाठी कमरेतली साखळी काढायला सुरुवात केली. पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या सर्जनांच्या हाती बर्जरसाठी याहून फारसं काही नव्हतं. काळी पडू लागलेली बोटं हाताची असली तर छातीत शिरावं लागे, आणि ते सोपं नव्हतं. पाठीकडून बरगडीचा तुकडा काढून किंवा काखेतून छाती उघडून, फुप्फुस बाजूला सारून ती बारीक दोरी शोधायची. जरा वर सरकलं तर त्या बाजूची पापणी कायमची ओघळायची, बाहुली बारीक व्हायची. दुर्बीण घालून हे काम करण्याचे प्रयत्न १९४०च्या दशकात झाले. ऑस्ट्रियाच्या कुक्स यांनी १९५४मध्ये आपल्या मोठ्या अनुभवाचा ग्रंथ लिहिला. पण छातीला दोन-तीन भोकं, पडद्यावर चित्र आणि रोगी लवकर घरी, हे घडलं १९९०च्या आसपास व्हिडिओ कॅमेरा आल्यावर.

कमरेतली नस कापल्यावर मामाची जखम भरली, रात्रीची कळ गेली. त्याला झोप लागली, ही त्या घरातली केवढी मोठी गोष्ट होती! पण चालताना पोटरी धरायची ती धरतच राहिली. या शस्त्रक्रियेचा पल्लाच तेवढा आहे. कातडीला रक्त मिळतं, आत बंद पडलेली वाहिनी उघडत नाही आणि रोग थांबत नाही. तुर्कस्तानातल्या २००६च्या एका चाचणीत जखमा भरण्यात इलोप्रोस्ट हे औषध नस कापण्यापेक्षा सरस ठरलं. आणि दोन्हींच्या वर एकच उपाय राहतो. अमेरिकेतल्या १९९०च्या एका पाहणीत सिगारेट सोडलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांचे अवयव वाचले होते. न सोडलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांचा काही ना काही भाग कापावा लागला होता.

मामानं विडी सोडली. तंबाखू कसा सोडणार? मार्च १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, तेव्हा मामा काठी टेकत गेला होता. तीन आठवड्यांहून जास्त काळ रस्ता अडलेला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. त्याच सुमारास वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका संघटित होत होत्या. नाकातोंडात तो चुरा घेत त्या दिवसभर राबायच्या. 'युगांतर' गटानं १९८२मध्ये त्यांच्यावर केलेला 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट आजही पाहण्यासारखा आहे. ज्या पिकानं मामाचा अंगठा काळा केला त्याच पिकाच्या भावासाठी तो उन्हात बसला. यात मला विसंगती दिसत नाही. पोट आणि पाय एकाच माणसाचे होते.

आता छातीतली ती नस बंद करतात ती बहुतेक वेगळ्याच कारणासाठी, तळहाताच्या घामासाठी. परीक्षेत ज्यांची उत्तरपत्रिका भिजते, हात मिळवायची ज्यांना धास्ती वाटते, अशी तरुण मुलं-मुली सर्जनपुढे बसतात. हा त्रास खरा आहे, त्याला कुणी हसू नये. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या बरगडीवरून जाणारी साखळी तोडली किंवा क्लिपनं चिमटली की टेबलावरच हात कोरडे आणि उबदार होतात. पण शरीर तो घाम दुसरीकडून काढतं. पाठ, पोट, मांड्या निथळतात. काहींना हे इतकं होतं की ओले हात बरे होते असं वाटतं, आणि क्लिप काढली तरी पहिल्यासारखं होईलच असं नाही. तैवाननं २००४मध्ये वीस वर्षांखालच्यांवर ही शस्त्रक्रिया करायला मनाई केली. २०११मध्ये तज्ज्ञांनी नस कुठे तोडली हे बरगडीच्या क्रमांकानं लिहावं असं ठरवलं, आणि रोग्याला भरपाईच्या घामाची कल्पना आधी द्यावी यावर भर दिला. माझ्या घरातल्या मुलीनं विचारलं तर मी सांगेन, आधी लावायची औषधं, पाण्यातून सौम्य वीज देण्याचा उपचार, बोटॉक्सची इंजेक्शनं करून बघ, छातीत शिरायचं ते शेवटी.

निपाणीकडच्या माणसाला आता दरवेळी मिरज गाठावी लागत नाही. बेळगावात १९६३पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापूर जवळ आहे. पायात फुगा घालून वाहिनी उघडण्याचे प्रयत्नही होतात.

मामाचा तो पाय शेवटपर्यंत कोरडा राहिला. नस कापली की तळव्याचा घामही जातो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं. भर उन्हाळ्यात तो अनवाणी सोप्यातल्या शहाबादी फरशीवरून स्वयंपाकघराकडे जायचा. आम्ही मुलं मागून बघायचो. फरशीवर फक्त डाव्या पावलाचे ओलसर ठसे उमटलेले असायचे. उजव्या पावलाच्या जागी नुसती कोरडी फरशी.