पाट्यांचे बुश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या ट्रकच्या इंजिनाकडे मालक डोळ्यांत तेल घालून बघतो. पाट्याचा बुश मात्र खडखड सुरू झाल्यावरच आठवतो. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या गोल वळणांत हे बुश बसतात आणि त्यांतून पिन जाते. बहुतेक ट्रकांत पाट्याचे एक टोक चेसिसला पक्के असते, दुसरे शॅकलवर झुलते. भार आला की पाटा सरळ होत लांबतो आणि शॅकल तेवढी जागा देते. ही रचना लक्षात ठेवली, तर पुढचे गैरसमज सहज सुटतात.

गैरसमज: आवाज नाही म्हणजे बुश ठीक आहेत.
वस्तुस्थिती: अॅक्सल जागेवर धरून ठेवण्याचे काम पक्क्या टोकाचे आहे. तिथला बुश झिजला की अॅक्सल एका बाजूला मागेपुढे सरकते. मग गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. गाडी पक्क्या ठोकळ्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पाट्याच्या टोकाशी पहार लावून हलवा; पिन आणि बुश यांच्यातली ढिलाई डोळ्यांना दिसते.

गैरसमज: कुरकुर थांबवायला कुठल्याही बुशला ग्रीस मारावे.
वस्तुस्थिती: गनमेटलच्या बुशात पिन फिरते, म्हणून त्याला ग्रीस हवेच. रबरी बुशात पिन फिरत नाही, रबरच पिळले जाते. साधे ग्रीस किंवा डिझेल लागले की नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. पॉलियुरेथेनला तेलाचा त्रास कमी, पण बसवताना त्याला सिलिकॉन ग्रीस लागते.

गैरसमज: निप्पलला ग्रीसगन लावली की काम झाले.
वस्तुस्थिती: उभ्या गाडीत पिन बुशाच्या एका बाजूला दाबून बसलेली असते. सर्वांत जास्त झीज तिथेच होते आणि ग्रीस पोचत नाही तेही तिथेच. चेसिस उचलून पिनवरचा भार काढा आणि कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. येत नसेल तर वाट तुंबली आहे. पिन काढून साफ करा.

गैरसमज: फक्त बुश बदलला तरी चालते.
वस्तुस्थिती: खाच पडलेली पिन नवा बुशही लवकर खाते. पिन आणि बुश जोडीनेच बदला. गनमेटलचा बुश प्रेसने बसवल्यावर किंचित आवळतो, म्हणून पिनच्या मापाने रीमर मारावा लागतो. जुना बुश गॅस कटरने जाळून काढू नका. उष्णतेने पाट्याचे पाणी उतरते.

गैरसमज: बोल्ट अॅक्सल लोंबकळत असतानाच पूर्ण आवळावेत.
वस्तुस्थिती: तसे केले तर चाके जमिनीवर टेकताच रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आधी बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच ठरलेल्या टॉर्कने आवळा.

गैरसमज: पॉलियुरेथेन सर्वांत चांगले.
वस्तुस्थिती: ते कडक आहे, म्हणून रस्त्याचा हादरा चेसिसपर्यंत अधिक पोचवते. मूळ रचना रबरी बुशाची असेल तर रबर घेणेच बहुधा शहाणपणाचे.

दुकानात जाताना जुना बुश आणि पिन सोबत न्या, माप मोजूनच घ्या आणि काम झाल्यावर अलाइनमेंट तपासल्याशिवाय माल भरू नका.