लांब गाण्यांचे वाटाडे

प्रोग्रेसिव्ह रॉकचे चाहते एकत्र आले की बोलणे 'मला हे आवडते' एवढ्यावर थांबत नाही. येसचे 'राउंडअबाउट' आधी ऐकावे की थेट 'क्लोज टू द एज'ला हात घालावा, जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'पर्यंत नवख्या श्रोत्याने कोणत्या वाटेने पोहोचावे, किंग क्रिम्सनची सुरुवात 1969 च्या पहिल्या अल्बमपासून करावी की 1974 च्या 'रेड'पासून, असे वाद तासन्‌तास रंगतात. बाहेरच्या माणसाला हा छंदिष्टांचा काथ्याकूट वाटतो. माझे म्हणणे असे की, या संगीतातली जी गाणी आज अभिजात मानली जातात, ती मुख्यतः अशाच शिफारशींमुळे टिकली. रेडिओ, समीक्षक आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांचाही त्यात वाटा आहे. पण निर्णायक काम श्रोत्यांनी केले. आणि ते त्यांनाच का करावे लागले, याचे कारण त्या संगीताच्या बांधणीतच सापडते.

लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत मावते. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या काही तरुण वादकांनी या अवकाशाकडे सुट्या गाण्यांचा डबा म्हणून न पाहता एका सलग रचनेची जागा म्हणून पाहायला सुरुवात केली. पिंक फ्लॉइडचे 'एकोज' (1971) आणि जेनेसिसचे 'सपर्स रेडी' (1972) सुमारे तेवीस मिनिटांची आहेत, तर 'क्लोज टू द एज' (1972) पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास. जेथ्रो टलच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'मध्ये (1972) तर अख्खी तबकडी हेच एक गाणे आहे. बाजू पालटण्यापुरताच त्यात खंड पडतो. ब्रिटनमध्ये 1973 च्या ऑक्टोबरपर्यंत परवानाधारक खासगी रेडिओ नव्हता आणि बीबीसीच्या दिवसाच्या कार्यक्रमांत तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांचीच सद्दी होती. रात्री उशिराच्या कार्यक्रमांत किंवा अमेरिकेतल्या काही एफएम केंद्रांवर लांब रचनांना जागा मिळे, पण ती अपवादानेच. साडेआठ मिनिटांचे 'राउंडअबाउट' अमेरिकेत साडेतीन मिनिटांच्या आत कापून बाजारात आणले गेले तेव्हा कुठे ते तेराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या कापलेल्या गाण्यामुळे येसचे नाव कानावर पडले. पण येस हा बँड नेमके काय करतो, हे कळायला पुरी तबकडी लावून शेजारी बसवणारे कोणीतरी लागत होते.

अशी व्यक्ती का लागते, हे गाण्याच्या आत शिरल्यावर अधिक स्पष्ट होते. तीन मिनिटांच्या गाण्याचा अंदाज पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो. तेवीस मिनिटांच्या रचनेची सुरुवात शेवटाबद्दल फारसे सांगत नाही. 'क्लोज टू द एज' पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजाने उघडते आणि लगेच सगळी वाद्ये एकमेकांवर धावून गेल्यासारखी वाजू लागतात. नवखा श्रोता इथेच तबकडी थांबवतो. हा गोंधळ मुद्दाम रचलेला आहे, पुढे मध्यावर सारे शांत होते आणि त्या शांततेतून येसच्या रिक वेकमनचा चर्चमधला भव्य पाइप ऑर्गन उसळून येतो, हे आधी कोणी सांगितलेले असले तर तोच श्रोता थांबून राहतो. 'सपर्स रेडी'चे सात भाग आहेत. त्यातल्या सहाव्या भागात जेनेसिसच्या टोनी बँक्सचा ऑर्गन नऊ मात्रांच्या आवर्तनावर वाजतो, पण त्याच्या स्वरावली त्या आवर्तनाला बांधून घेत नाहीत. ताण वाढत वाढत जातो आणि त्याच्या शिखरावर आरंभीची धून परत येते. ती ओळखायची तर वीस मिनिटांपूर्वी काय ऐकले ते लक्षात असावे लागते. रूपकाच्या सात मात्रा हातावर मोजणाऱ्या मराठी श्रोत्याला पिंक फ्लॉइडचे 'मनी' सात मात्रांत चालते एवढे सांगितले, तरी त्या गाण्याचा अडखळता डौल त्याला चटकन उमगेल. चाहत्यांची चांगली शिफारस हेच करते. ती गाण्याची स्तुती करत बसत नाही. कान कुठे लावायचा ते दाखवते.

श्रोत्यांच्या या कामाचा पहिला ठळक पुरावा ब्रिटनबाहेर मिळतो. जेनेसिसचा 'ट्रेसपास' (1970) मायदेशी फारसा खपला नाही, बेल्जियममध्ये मात्र तो यादीत अव्वल ठरला. व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा तर त्याहून कडवट, कर्कश बँड. त्याचा 'पॉन हार्ट्स' (1971) ब्रिटनमध्ये उपेक्षित राहिला आणि इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. ऑपेराची सवय असलेल्या इटालियन कानांना लांब, नाट्यमय रचना परक्या वाटल्या नाहीत, असे कारण नेहमी दिले जाते. त्यात तथ्य असावे; पण ऑपेराचा वारसा तर आधीपासूनच होता, तेव्हा एवढ्याने सारा उलगडा होत नाही. एखादी कलाकृती एका देशाने नाकारावी आणि तीच दुसऱ्याने डोक्यावर घ्यावी, यावरून निदान एवढे दिसते की तिचे भवितव्य लंडनच्या कंपन्यांच्या हातात पुरते नव्हते. त्या श्रोत्यांतूनच प्रेमिआता फोर्नेरिया मार्कोनी आणि बान्को देल मुतुओ सॉकॉर्सोसारखे इटालियन बँड पुढे आले.

दुसरा पुरावा पडत्या काळातला आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रॉक नियतकालिकांतला एक मोठा गट या संगीतावर उलटला होता. ते फुगलेले आहे, आत्ममग्न आहे, रॉकच्या रस्त्यावरच्या मुळांपासून तुटलेले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. 1976-77 मध्ये पंक आले आणि या संगीताचा कायमचा निकाल लागल्याचे सांगितले जाऊ लागले. सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन पिंक फ्लॉइडबद्दलचा तिरस्कार अंगातल्या टी-शर्टवर मिरवत होता. त्याच लायडनला जुलै 1977 मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओने आवडती गाणी वाजवायला बोलावले, तेव्हा त्याने व्हॅन डर ग्राफच्या पीटर हॅमिलची गाणी निवडली. समीक्षकांनी दोन छावण्यांमध्ये आखलेली सीमारेषा श्रोता म्हणून तो सहज ओलांडत होता, आणि तेही लाखोंच्या कानावर जाईल अशा शिफारशीतून.

पंकनंतरच्या वर्षांत या संगीताचे काय झाले, ते इटलीच्याच एका उदाहरणातून पाहता येते. म्युझिओ रोझेनबाख या बँडने 1973 मध्ये 'झरथुस्त्र' हा अल्बम काढला. मुखपृष्ठावरच्या चित्रजुळणीत मुसोलिनीची प्रतिमा असल्यामुळे तो राजकीय वादात सापडला आणि बँड लवकरच विखुरला. तोवर बँडचा हा एकच अल्बम, तोही मायदेशी बदनाम. पुढे जपानमधल्या संग्राहकांनी युरोपातल्या अशा विस्मृत तबकड्यांचा माग काढला आणि तिथल्या किंग रेकॉर्ड्सने त्यांच्या नव्या आवृत्त्या बाजारात आणल्या. आज इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉकची कोणतीही गंभीर यादी 'झरथुस्त्र'वाचून पुरी होत नाही. इथे कंपनीने धंदा केला हे खरेच, पण कोणत्या तबकडीला मागणी आहे हे कंपनीला श्रोत्यांनी दाखवले.

पुढे श्रोते पैशांनिशीही उभे राहिले. 1997 मध्ये मॅरिलियन या ब्रिटिश बँडला अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. चाहत्यांनी आपसांत सुमारे 60,000 डॉलर जमवले आणि दौरा घडवला. त्यातून धडा घेऊन बँडने 2001 च्या 'अनोरॅकनोफोबिया'साठी ध्वनिमुद्रणाआधीच नोंदणी घेतली आणि 12,000 हून अधिक जणांनी न ऐकलेल्या अल्बमचे पैसे भरले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात चाहत्यांनी उभा केलेला 'निअरफेस्ट' महोत्सव 1999 ते 2012 या काळात जुन्या-नव्या बँडना मंच देत राहिला. तरुणपणी हेच संगीत कानांत साठवणाऱ्या स्टीव्हन विल्सनने 2009 पासून किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, येस यांच्या मूळ फिती उघडून त्यांचे नवे मिश्रण केले, तेव्हा एका चाहत्याची शिफारस थेट ध्वनीच्या पातळीवर पोहोचली. त्याच विल्सनचा पॉर्क्युपाइन ट्री हा बँड डिसेंबर 2009 मध्ये आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो' महोत्सवात वाजला. मुंबईच्याच 'कोशिश' या बँडने 2013 मध्ये 'फिरदौस' हा हिंदी संकल्पना-अल्बम काढला. ऐकणाऱ्यांची ही साखळी आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप बाजाराचा. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' 1973 ते 1988 या काळात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत 741 आठवडे होता. एवढा खप चाहत्यांच्या गप्पांतून होतो का? जाहिरात, वितरण, दौरे यांच्याशिवाय तो झाला नसता, हे मान्य. पण जाहिरातीचा जोर नव्या मालावर असतो. पंधरा वर्षांत श्रोत्यांची एक पिढी बदलते. नव्या पिढीच्या हातात जुना अल्बम पडत राहिला, त्यामागे थोरल्या भावंडांनी, मित्रांनी, दुकानदारांनी केलेली शिफारस असणार, हे अनुमान मला सर्वांत पटण्याजोगे वाटते. शिवाय पिंक फ्लॉइड बाजूला ठेवला तरी व्हॅन डर ग्राफ आणि म्युझिओ रोझेनबाख उरतात, आणि त्यांचा उलगडा बाजाराने होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चाहते भक्त असतात, त्यांना विवेक नसतो. याला येसच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'ची (1973) गोष्ट उत्तर देते. मार्च 1973 मध्ये ड्रमवादक बिल ब्रुफर्डच्या लग्नात किंग क्रिम्सनच्या जेमी म्यूरने येसचा गायक जॉन अँडरसन याला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र सुचवले. त्यातल्या एका तळटीपेवरून अँडरसनला श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार शास्त्रविभागांवर चार बाजूंचा अल्बम सुचला. म्हणजे या वादग्रस्त कृतीचे मूळही एका शिफारशीतच आहे. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अनेक समीक्षकांनी झोडपला, आणि त्यावर नाखूश असलेल्या वेकमनने बँड सोडला. पन्नास वर्षे लोटली तरी चाहत्यांचे त्यावर एकमत नाही. पहिली आणि चौथी बाजू उत्तम, मधल्या दोन पसरट, असे येसवर जीव असलेलेच लोक बाजूगणिक कारणे देऊन म्हणतात, आणि तितकेच निष्ठावान लोक त्यांना खोडून काढतात. भक्तीत असा हिशेब चालत नाही. समीक्षेकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते पुन्हा पुन्हा ऐकणे आणि नेमके बोट ठेवणे इथे घडते आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. चाहत्यांच्या याद्या कोत्या होतात. 1969 ते 1975, दक्षिण इंग्लंड, पाच-सहा बँड, सगळे पुरुष, या चौकटीबाहेर त्या सहसा जात नाहीत. रेनेसाँसची अ‍ॅनी हॅसलम आणि कर्व्ह्ड एअरची सोन्या क्रिस्टिना यांची नावे नंतर आठवतात. स्वतःची वेगळी भाषा रचून गाणारा फ्रान्सचा मॅग्मा किंवा नव्वदच्या दशकातला स्वीडनचा अँग्लागार्ड फार उशिरा पुढे येतो. यावर इलाजही शिफारशीतच आहे, पण ती शिफारस नीट करायला हवी. 'सर्वोत्तम दहा' सांगणारा चाहता समोरच्याला एक निकाल देतो. 'तुला सपर्स रेडीतला ऑर्गन आवडला ना, मग आता बान्कोचे दोन की-बोर्ड ऐक' म्हणणारा चाहता त्याच्या हाती एक कारण देतो, आणि त्या कारणाच्या बळावर ऐकणारा इंग्लंडची वेस ओलांडतो. इटलीतले जे रत्नभांडार हाती लागले, ते अशा दुसऱ्या जातीच्या चाहत्यांमुळे.

आजचा आक्षेप यंत्राचा. शिफारस करायला आता स्ट्रीमिंग सेवा आहेत, मग माणूस कशाला? या सेवांचे गणितच पाहावे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. तेवीस मिनिटांच्या रचनेला आणि तीन मिनिटांच्या गाण्याला मोजणीत सारखेच वजन. यात लांब रचना पुढे आणण्याचे कोणतेही प्रलोभन नाही. ऐकणाऱ्याने दुसऱ्या मिनिटाला गाणे सोडले, तर यंत्र त्याला नावड समजू शकते आणि तसले गाणे सुचवणे कमी करू शकते. जाणता चाहता अशा वेळी सांगतो, 'अजून सहा मिनिटे थांब.' यंत्र सवयीचे अनुमान करते. जिची अजून सवयच नाही त्या गोष्टीसाठी धीर धरायला माणूस शिकवतो. प्रोग्रेसिव्ह रॉकला या धीराची गरज पहिल्या दिवसापासून होती आणि आहे.

म्हणून कोणते गाणे आधी ऐकावे याचा वाद मी गौण मानत नाही. जे संगीत वेळ मागते, त्याची परंपरा तबकडीच्या खाचांत असते तितकीच ते कसे ऐकावे हे सांगणाऱ्यांतही असते. तबकडी जपणाऱ्या संस्था आहेत, नव्या आवृत्त्या काढणाऱ्या कंपन्याही आहेत. ऐकण्याची रीत मात्र फक्त सांगूनच पुढे जाते. ज्याला हे संगीत प्रिय आहे, त्याने यादी देऊन थांबू नये. एक गाणे निवडावे, ते का निवडले ते सांगावे, नवख्याचे कान कुठे थकतील याची आधीच कल्पना द्यावी, आणि त्याचे मत आपल्यापेक्षा वेगळे निघाले तर तेही मन लावून ऐकावे. पन्नास वर्षांपूर्वीचे हे संगीत आजच्या विशीतल्या माणसाचे व्हायचे असेल, तर ते याच कष्टातून होईल. आजवर ते असेच झाले आहे.